फाळक्याला फाळका

ताडपत्रीचा दोर कापलेला दिसला की आधी पोटात खड्डा पडतो, आणि मग माणूस मोजायला लागतो. मी पहिल्यांदा मोजलं ते १९९७ च्या ऑगस्टमध्ये, शिरपूरच्या अलीकडे एका ढाब्याच्या आवारात, पहाटे साडेचारला. सोलापूरहून टॉवेल आणि चादरींच्या गाठी भरून इंदूरला निघालो होतो. मागची ताडपत्री पात्यानं उभी-आडवी चिरलेली होती, चिरलेला कोपरा वाऱ्यानं फडफडत होता. अकरा गाठी नव्हत्या. दोनदा मोजलं, मग क्लीनरला मोजायला लावलं. अकराच.

निघायच्या आधीचा अख्खा दिवस गाडी भरण्यात गेला होता. सकाळी सातला सोलापूर सोडलं. तुळजापूर, बीड, औरंगाबाद, कन्नडचा घाट, चाळीसगाव, धुळं करत रात्री दीडला तिथं पोचलो. तीन तास झोपलो. ते तीन तास मी पुढं तीन वर्षं फेडले.

त्या काळी रीत अशी होती की ड्रायव्हर केबिनमध्ये झोपायचा आणि क्लीनर मालावर. दोर अंगाखाली घेऊन झोपायचा, म्हणजे दोराला कुणी हात लावला की जाग यायची. त्या रात्री भुरभुर पाऊस होता. पोरगं अठरा-एकोणीस वर्षांचं, डोक्यावर पोतं घेऊन वर चढायला निघालं होतं. मीच म्हणालो, "राहू दे आज. आत ये." हे मी पोलिसांना सांगितलं नाही आणि मालकालाही सांगितलं नाही. दोघं एकदम आत झोपले म्हणजे दोघं मिळालेले, असाच अर्थ निघाला असता. क्लीनर मालावरच होता, त्याला जाग आली नाही, असं आम्ही ठरवून सांगितलं. सगळा ठपका त्याच्या झोपेवर आला. मालकानं त्याला काढून टाकलं, मला ठेवलं. ही गोष्ट मी आज पहिल्यांदा लिहितोय. त्या पोराला नंतर शोधायला हवं होतं. मी शोधलं नाही.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला तो असा : "कितीला दिला माल?" कधी, कुठं, किती हे सगळं नंतर. दीड दिवस बाकावर बसून होतो. ढाबा कुणाच्या हद्दीत येतो यावर दोन ठाण्यांत फोन चालले होते आणि माल भरलेली गाडी बाहेर उन्हात उभी होती. तिच्याकडं बघायला आता कुणी नव्हतं, याचीच मला जास्त काळजी लागून राहिली होती.

तेव्हाच्या दंड संहितेत साध्या चोरीला ३७९ कलम होतं, तीन वर्षांपर्यंतची शिक्षा. माल वाहून नेणाऱ्यानं विश्वासघात केला तर ४०७, सात वर्षांपर्यंत. चोरापेक्षा ड्रायव्हरचा गुन्हा मोठा धरलेला, आणि ते बरोबरच आहे. ज्याच्या हवाली माल केला त्यानंच तो खाल्ला तर लोकांनी माल पाठवायचा कुणाच्या भरवशावर? आमच्यातले काही जण माल खातात हेही खरं आहे. चार पोती रस्त्यात उतरवून द्यायची, पैसे खिशात घालायचे आणि मग स्वतःच दोर कापून बोंब मारायची, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एकदा मला त्यात वाटाही देऊ केला होता. मी घेतला नाही, पण त्या माणसाचं नावही कुणाला सांगितलं नाही. त्याच्यासारख्यांमुळं प्रत्येक खरी चोरी आधी खोटी ठरते.

मालक वाईट माणूस नव्हता. माझा पगार बावीसशे होता, त्यातले पाचशे दर महिन्याला कापायचं ठरलं. "निम्मं तू सोस, निम्मं मी सोसतो," असं म्हणाला. तेव्हा मला तो न्याय वाटला होता. बऱ्याच वर्षांनी एका वकिलानं सांगितलं की १९३६ च्या पगाराच्या कायद्याप्रमाणं, ताब्यातला माल हरवला म्हणून कपात करायची तर त्यात कामगाराचा हलगर्जीपणा दिसायला हवा, आणि आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. माझं म्हणणं कुणी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर मी काय सांगितलं असतं? आदल्या दिवशी पहाटे पाचपासून जागा होतो, एवढंच.

त्या चोरीनंतर मी चोराच्या डोक्यानं गाडीकडं बघायला शिकलो. चोर अंदाजानं येत नाही. गाडी लागायच्या आधीच त्याला माहीत असतं. चहा देणारं पोर सहज विचारतं, "उस्ताद, काय भरलंय?" पंक्चरवाला विचारतो, "कुठनं आली गाडी?" बहुतेकांच्या मनात काही नसतं, पण दहांत एक जण पुढं कळवणारा असतो आणि तो कोण हे ओळखू येत नाही. मी कायम एकच उत्तर द्यायला लागलो : "भुसा." औषधं असोत, तांब्याची तार असो, तुपाचे डबे असोत, माझ्या गाडीत भुसा. तरी जाणकाराला कळतंच. ताडपत्रीखाली खोकी असली की कडा काटकोनात दिसतात, पोती असली की पोट सुटल्यासारखी दिसतात. पाटे किती दबलेत यावरून वजन कळतं. वजन जास्त आणि उंची कमी म्हणजे लोखंड, त्याला हात लावत नाहीत. वजन कमी, उंची जास्त आणि ताडपत्री नवी कोरी, ती गाडी त्यांची.

वेळही ठरलेली असते. अडीच ते चार. एक जण केबिनच्या बाजूला उभा राहतो, आत हालचाल दिसली की लघवीला आल्यासारखं करून निघून जातो. दुसरा मागून चढतो. तिसरा पिकअप घेऊन थोडा लांब थांबतो, दिवे बंद करून. चिरायचं ते नेहमी मागच्या, ड्रायव्हरला आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यात. सगळं पंधरा मिनिटांत उरकतं. चालत्या गाडीवर चढून माल खाली फेकणारे वेगळे. त्याला आमच्या भाषेत कटिंग म्हणतात. येरमाळ्याचा घाट चढताना किंवा देवास-शाजापूरच्या पट्ट्यात गाडी हळू झाली की आम्ही आरशातून नजर काढत नसू. पण धावत्या गाडीत निदान ड्रायव्हर जागा असतो. उभ्या गाडीत लुटली जाते ती झोप, माल नंतर जातो.

झोपेत औषध फवारलं, बेशुद्ध केलं, असं बरेच ड्रायव्हर सांगतात. मीही १९९७ मध्ये तसंच सांगितलं होतं. कुणी आपल्या डोक्याशी उभं राहून दहा मण माल उतरवून नेला आणि आपल्याला कळलंसुद्धा नाही, हे स्वतःला पटवून द्यायला औषध लागतं. अठरा तास स्टेअरिंगवर बसलेल्या माणसाला झोपवायला चोराला काही फवारावं लागत नाही, असं आता माझं स्पष्ट मत आहे.

लातूर भागातल्या एका वयस्कर ड्रायव्हरनं मला गाडी लावायला शिकवलं. गाडी चालवायला मी आधीच शिकलो होतो. गाडी लावणं ही वेगळी विद्या आहे हे त्यांनी दाखवलं. म्हणाले, "तोंड काय लपवतोस, पाठ लपव." दोन गाड्या पाठीला पाठ लावून उभ्या करायच्या, फाळक्याला फाळका, मधे हात घालायलाही फट नको. मग मागून चिरता येत नाही, फाळका उघडता येत नाही. सोबतीला गाडी नसेल तर भिंत. भिंत नसेल तर झोपायचं नाही, पुढं जायचं. डिझेलच्या टाकीची बाजू उजेडाकडं ठेवायची. ढाबा निवडताना जेवण बघायचं नाही. रात्री तीन वाजताही तिथं भट्टी पेटलेली असते का ते बघायचं. आवारात पाच-सहा गाड्या नेहमीच्या लाइनच्या असतील तर थांबायचं. एकच गाडी असेल आणि तिचा ड्रायव्हर केबिनमध्ये नसेल तर थांबायचं नाही.

फाळक्याला फाळका लावताना समोरच्याची ओळख लागत नाही. कधी पंजाबचा असायचा, कधी तमिळनाडूचा. हातानं खूण करायची, तो मान हलवायचा आणि गाडी मागं घ्यायचा. सकाळी ज्याला आधी निघायचं असेल त्यानं दुसऱ्याला उठवल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा न बोललेला करार. बावीस वर्षांत हा करार एकदाही कुणी मोडलेला मला आठवत नाही. अनोळखी माणसावर एवढा विश्वास मी दुसऱ्या कुठल्या कामात टाकलेला नाही.

पण "भिंत नसेल तर पुढं जायचं" यातच मोठा धोका आहे, आणि तो मला फार उशिरा कळला. आमच्याच लाइनचा एक जण होता, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. शांत, दारू नाही, काही नाही. एकदा त्याच्या गाडीत महागड्या सामानाची खोकी होती. बुकिंगवाल्यानं निघतानाच बजावलं होतं, रस्त्यात कुठं थांबू नको, जोखमीचा माल आहे. तो थांबला नाही. तिसऱ्या रात्री पहाटे कडेला बंद पडलेल्या गाडीवर मागून गेला. ब्रेकच्या खुणासुद्धा नव्हत्या रस्त्यावर. माल जवळजवळ सगळा शाबूत निघाला. मी त्याच्या घरी गेलो होतो. तिथं कुणी चोरीचं नाव काढलं नाही, अपघात म्हणूनच बोलणं झालं आणि कागदावरही तेच आलं. पण तो चोरांच्या भीतीनं जागा राहिला होता, हे मला माहीत होतं आणि त्याच्या बुकिंगवाल्यालाही माहीत होतं. चोरीचा हिशोब होतो तेव्हा गेलेली पोती मोजतात. असे गेलेले कुणी मोजत नाही.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात लिहिलं होतं, दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. मात्र तो कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यालाच लागू होता. ज्यांच्याकडं एक-दोन गाड्या, ते बाहेर, आणि आमच्या लाइनवर तेच जास्त. आता मालासोबत लागणाऱ्या ई-वे बिलाचं घ्या. २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत आहे. कागद दिवसाला २०० किलोमीटर धरतो, माल घेणारी पार्टी ५०० धरते, आणि त्या दोन आकड्यांच्या मधे ड्रायव्हरची झोप जाते.

२०१२ मध्ये कर्ज काढून मी स्वतःची दहाचाकी घेतली. चार वर्षं स्वतः चालवली, मग कंबरेनं साथ सोडली आणि ड्रायव्हर ठेवला. मालक झालो की दुसऱ्याच गोष्टी दिसायला लागतात. डिझेल चोरीचं दुखणं मला तेव्हा खरं कळलं. टाकीच्या झाकणाला कुलूप घातलं, तोंडात जाळी बसवली, तर एकदा टाकीच्या तळाचा बोल्टच काढून डिझेल नेलं. न्हावा शेवाहून कंटेनरच्या फेऱ्या करायला लागलो तेव्हा सीलचा खेळ कळला : सील जसंच्या तसं, नंबर बरोबर, आणि आत माल कमी. दाराच्या दांड्याचे रिबिट काढायचे, दार सीलसकट बाजूला करायचं, माल काढून परत ठोकायचे. सील न तुटता माल कमी भरला की सगळे ड्रायव्हरकडंच बघतात, कारण दुसरं कुणी केल्याची खूणच नसते.

आणि २०१९ चा डिसेंबर. कांदा किलोला शंभराच्या वर गेला होता. सोलापूरच्या बाजार समितीतून बंगळुरूसाठी भरलेली माझी गाडी होसपेटच्या पुढं एका पंपावर रात्री थांबली. कांद्याला वारा लागतो, ताडपत्री आवळून बांधता येत नाही; वरून जाळी आणि दोर, एवढंच. एरवी कांद्याच्या गाडीकडं कोण बघतं? त्या महिन्यात सगळे बघत होते. पहाटे चारला ड्रायव्हरचा फोन आला. पोरगा सव्वीस वर्षांचा, दोन वर्षं माझ्याकडं होता. आवाज कापत होता. "शेठ, बावीस पोती गेली."

मी म्हणालो, "कितीला दिलीस?"

वाक्य तोंडातून गेल्यावर मला कळलं की हे मी कुठं ऐकलंय. तरी मी ते मागं घेतलं नाही. हप्ता डोळ्यांसमोर होता, आणि उजाडल्यावर ट्रान्स्पोर्टवाल्यानं भाड्यातून ऐंशी हजार वळते करून घेतले. २००७ च्या वाहतूक कायद्याप्रमाणं मालाची जबाबदारी माल बुक करून घेणाऱ्या ट्रान्स्पोर्टवर येते. जादा जोखीम लिहून दिली नसेल तर भरपाईला मर्यादा असते. पण मी कधी कायदा काढून त्यांच्याशी भांडलो नाही. भांडलो तर उद्या भाडं मिळणार नाही. कंपनी ट्रान्स्पोर्टला धरते, ट्रान्स्पोर्ट गाडीमालकाला, आणि गाडीमालकाच्या हाताखाली एकच माणूस उरतो. मी त्याच्या पगारातून दोन हजार कापायला सुरुवात केली. तो काही बोलला नाही. दुसऱ्या महिन्यात गाडीची किल्ली टेबलावर ठेवून गेला.

फेब्रुवारीत त्याच बाजूला एका कामाला गेलो होतो, म्हणून पंपावर उतरलो. मॅनेजर भला माणूस. चोरीनंतर त्यानं त्या रात्रीचं चित्रण काढून ठेवलं होतं, पण बघायला कुणीच आलं नव्हतं. पोलीस आले नव्हते, ट्रान्स्पोर्टवाला आला नव्हता, मीही पहिल्यांदाच आलो होतो. दोघांनी मिळून बघितलं. रात्री १ वाजून १० मिनिटांनी पोरगा गाडीभोवती फिरला, दोर ओढून बघितले, टायर ठोकून बघितले. मग खाली चादर अंथरून मागच्या फाळक्याजवळच झोपला. थंडीत, जमिनीवर. पावणेतीनच्या सुमाराला पिकअप आली ती पुढच्या बाजूनं. दोघं केबिनच्या टपावरून मालावर चढले. एकेक पोतं पुढून खाली, आवाज न करता. हा मागं झोपलेला, पाठ राखत. शेवटी त्यानं कूस बदलली तेव्हा ते दोघं गोठल्यासारखे थांबले, मग उतरून गेले. अठरा मिनिटं.

गावी परत आल्यावर मी त्याच्या घरी गेलो. कापलेले पैसे दिले, राहिलेला पगार दिला, माझी चूक झाली असं म्हणालो. त्याचे वडील म्हणाले, "पैसं ठिवा तिथं." चहा दिला. पोरगा दारात उभा होता, म्हणाला, "शेठ, तुम्ही स्वतः ड्रायव्हर होता म्हणून मी तुम्हाला पहिला फोन केला होता." त्यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचत नाही. तो परत कामाला आला नाही. सध्या दुसऱ्याची गाडी चालवतो असं ऐकतो.

तेव्हापासून माझ्या हिशोबाच्या वहीत खर्चीच्या पानावर टोल, हवा, वाराई यांच्या जोडीला एक रकाना आहे : झोप. पार्किंगला पहारा असेल तिथं गाडी लावायची, लागतील ते शंभर-दोनशे द्यायचे आणि माझ्याकडून घ्यायचे. मुलगा आता धंदा बघतो. सुरुवातीला म्हणाला, "दादा, वर्षाचे किती होतात बघा." मी त्याला अकरा गाठींचा हिशोब काढून दाखवला. त्या क्लीनरच्या पोराची गोष्ट मात्र तेव्हाही सांगितली नाही.

सोयी वाढल्यात, हे मान्य करायला हवं. तेल कंपन्यांनी महामार्गावरच्या काही पंपांवर 'अपना घर' नावानं ड्रायव्हरांसाठी खाटा, अंघोळीची, स्वयंपाकाची सोय केली आहे. मी जाऊन बघितली, चांगली आहे. पण आता गाडीवर क्लीनर राहिला नाही. एकट्या ड्रायव्हरला गाडी नजरेआड करून खाटेवर झोपायचा धीर होत नाही. खोलीच्या खिडकीतून गाडी दिसली पाहिजे, एवढं बांधणाऱ्यांनी बघावं. २०२५ पासून नव्यानं बनणाऱ्या ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय, ही तर फार चांगली गोष्ट. मे महिन्यात पत्र्याच्या केबिनमध्ये झोपायचा प्रयत्न ज्यानं केलाय त्यालाच तिचं मोल कळेल. काच बंद असली की बाहेरची चाहूल लागत नाही हे खरं, तरी मी एसीच्याच बाजूनं आहे. राखण करायला झोपलेला माणूस हे कामच मुळात चुकीचं आहे. गाडीला जीपीएस लावलाय, तो गाडी कुठं उभी आहे ते सांगतो. तिच्यावर कोण चढलंय ते सांगत नाही.

त्या जीपीएसमुळं एक नवीन त्रास झालाय. रात्री गाडी उभी दिसली की पार्टी फोन करते. आमच्याकडं नियम आहे, दहा ते चार ड्रायव्हरला फोन करायचा नाही, काय असेल ते मला करा. परवा रात्री एकला एक फोन आला. गाडी चित्रदुर्गच्या पुढं दोन तासांपासून उभी का आहे, असं विचारत होते.

"ड्रायव्हर झोपलाय," मी म्हणालो.

"अहो, पण माल?"

"पाठ भिंतीला लावलीय. सकाळी चारला निघेल. उठवू नका त्याला."

पलीकडचा माणूस काहीतरी बोलत राहिला. मी ऐकून घेतलं, फोन ठेवला, आणि चारपर्यंत जागाच राहिलो.